शेजाऱ्याच्या अंगणातील ऊन

एक दिवस आणि एक रात्र प्रवास करून आमची गाडी पौषातील एका सकाळी लखनौच्या चारबाग स्थानकात शिरली, तेव्हा धुके इतके दाट होते की स्थानकाचे प्रसिद्ध घुमट आणि छत्र्या मला दिसल्याच नाहीत. दिसली ती फक्त माणसे; आणि तीही शालीत, कानटोपीत आणि चहाच्या वाफेत अर्धीअधिक लपलेली. एका वृद्ध गृहस्थाने फाटकाशी स्वतः थांबून मला पुढे जाण्याची खूण केली. मीही थांबले. मग आम्ही दोघेही थांबलो आणि आमच्यामागे रांग तुंबली! “पहले आप” या लखनवी रीतीविषयी ऐकलेल्या साऱ्या विनोदी गोष्टी त्या एका क्षणात मला खऱ्या वाटल्या.

या शहराशी आपल्या मराठी माणसांचे नाते जुने आहे. 1916 च्या डिसेंबरात लोकमान्य टिळक येथील काँग्रेस अधिवेशनास आले होते. हिंदू आणि मुसलमान पुढाऱ्यांमध्ये जो ‘लखनौ करार’ झाला, त्याला त्यांनी आपला भक्कम पाठिंबा दिला. त्याच अधिवेशनात चंपारणातील राजकुमार शुक्ल हा शेतकरी गांधीजींना भेटला आणि निळीच्या मळ्यांतील कुळांचे दुःख प्रत्यक्ष येऊन पाहा, असा आग्रह धरून बसला. पुढे दहा वर्षांनी, 1926 साली, पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी येथे संगीताचे महाविद्यालय स्थापिले. आज ते भातखंडे यांच्याच नावाचे विद्यापीठ झाले आहे. कैसरबागेतील त्या वास्तूवरून जाताना आतून तंबोऱ्याचा स्वर ऐकू आला, तर मराठी प्रवाशाला परक्या गावी आल्यासारखे वाटत नाही.

परंतु मी आले होते ती इतिहास पाहावयास नव्हे. भाषांतराचे थोडे काम होते. त्या निमित्ताने चौक भागात, आमच्याच व्यवसायातील एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या घरी मी आठ दिवस राहिले. त्या आठ दिवसांत एका भिंतीची गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर घडली. तीच आज वाचकांना सांगावयाची आहे.

चौकातील घर

गोल दरवाजातून आत शिरून अकबरी दरवाजाच्या रोखाने चालू लागले, की जुना लखनौ आपल्याला हाताशी धरून नेतो. अत्तरांची दुकाने, चांदीचा वर्ख कुटणाऱ्यांच्या हातोड्यांचा ठेका, हिवाळ्याच्या सकाळी पत्रावळीच्या द्रोणात मिळणारी फेसासारखी हलकी मक्खन-मलाई, आणि दोन्ही बाजूंना फुटणाऱ्या गल्ल्या. पातळ लखौरी विटांच्या भिंती, कोरीव दारे, दारांपुढे बसण्याचे ओटे. जवळच फिरंगी महाल आहे. हे विद्येचे जुने पीठ. खिलाफत चळवळीच्या काळात गांधीजी येथे उतरत असत.

आमच्या यजमानांचे घर अशाच एका गल्लीत आहे. बाहेरून पाहिले तर केवळ एक दार. आत ड्योढी, आणि मग एकदम उघडे अंगण. आपल्या वाड्यातला चौकच म्हणा ना. चहूबाजूंनी खोल्या, मध्ये तुळस, कोपऱ्यात हातपंप, वर आकाश. यजमानांना मी भाईसाहब म्हणत असे, त्यांच्या पत्नीला भाभी, आणि घराचा खरा कारभार पाहणाऱ्या त्यांच्या ऐंशी वर्षांच्या मातोश्रींना अम्मा.

अंगणाच्या उत्तरेकडील भिंतीत दिंडीएवढे एक लहानसे दार होते. त्याला कुलूप नव्हते, नुसती कडी. पहिल्याच दिवशी त्या दाराला टकटक झाली, एक हात आत आला, त्या हातात झाकलेला वाडगा होता. अम्मांनी वाडगा घेतला, त्यातील शिरखुर्मा पातेल्यात ओतला आणि तोच वाडगा तिळाच्या लाडवांनी भरून परत दिला. “रिकामे भांडे परत जात नाही, बेटी,” त्या मला म्हणाल्या. आपल्याकडेही हीच रीत आहे, हे मी त्यांना सांगितले, तेव्हा त्यांना फार आनंद झाला.

दारापलीकडे खाला राहत. त्या चिकनचे काम करीत. चिकनकारी म्हणजे लखनौची ओळख. तलम कापडावर आधी ठोकळ्यांनी नक्षी छापावयाची, मग पांढऱ्या दोऱ्याने मुर्री, फंदा, बखिया, जाली असे टाके घालावयाचे. हे काम शहरात आणि आसपासच्या खेड्यांत मुख्यतः बायका आपापल्या घरी बसून करतात. खालांचे वय सत्तरीचे; नजर अधू. दिव्याच्या उजेडात पांढऱ्यावर पांढरा टाका त्यांना दिसत नसे. म्हणून दुपारी बारा ते तीन, अंगणात ऊन उतरले, की त्या आपला तख्तपोस उन्हात ओढून घेत आणि काम करीत. हे सारे मला चौथ्या दिवशी कळले. आणि नवल असे की, भाईसाहबांच्या घरातील तरुण मंडळींनाही ते त्याच दिवशी कळले!

नकाशा आणि चादर

गोष्ट अशी होती. भाईसाहबांच्या धाकट्या मुलाचे नुकतेच लग्न झाले होते. त्याच्यासाठी गच्चीवर एक खोली बांधावयाची होती. नकाशा तयार होता, परवानगीचा कागद हाती आला होता, विटा गल्लीत येऊन पडल्या होत्या. खोली गच्चीच्या उत्तरेच्या कडेला, म्हणजे खालांच्या अंगणाला लागून उभी राहावयाची होती. तिकडे बांधली म्हणजे दक्षिणेची बाजू नव्या जोडप्याला मोकळी राही. सर्व काही नियमाप्रमाणे होते. खालांना विचारले होते काय? होय, तेही झाले होते. मुलगा मिठाई घेऊन गेला होता. खाला म्हणाल्या होत्या, “मुबारक हो बेटा, जरूर बांध. माझे काय?”

अम्मांचे या उत्तराने समाधान झाले नव्हते. “तिने ‘माझे काय’ म्हटले, म्हणजे तिचे काहीतरी आहे,” त्या म्हणाल्या. “आमच्या लखनौत कोणी ‘नको’ म्हणत नाही. म्हणून आमच्याकडे ऐकणाऱ्याला अधिक कष्ट पडतात.”

मुलगा थोडा चिडला. छत आपले, भिंत आपली, कागद हातात; आता आणखी काय पाहावयाचे? अम्मा वाद घालीत बसल्या नाहीत. त्यांनी मिस्त्रीला बोलाविले, दहा फुटांचे दोन बांबू गच्चीच्या उत्तर कडेवर बांधावयास लावले आणि त्यांवर घरातील दोन मोठ्या जुन्या चादरी शिवून ताणून बसविल्या. उद्या जेथे भिंत येणार, तेथे आज कापडाची भिंत उभी राहिली. मग त्या नातवाला म्हणाल्या, “चल, आता दोन तास खालाच्या अंगणात बसू.”

आम्ही सारे त्या लहानशा दारातून वाकून पलीकडे गेलो. खालांची फार धांदल उडाली. चहा झाला, सुपारी झाली. साडेबारा वाजले. उन्हाचा पट्टा अंगणात उतरावयाचा, तो चादरीच्या सावलीत अडकला. खालांचा तख्तपोस जेथे रोज असे, तेथून सावलीची कडा कितीतरी पुढे गेली होती. खालांनी सवयीने कपडा हाती घेतला, सुई उचलली, दोन टाके घातले आणि कापड डोळ्यांजवळ नेले. मग त्यांनी ते हळूच खाली ठेवले. कोणी काही बोलले नाही. नातू मात्र उठला, गच्चीवर गेला, आणि पाच मिनिटांनी चादरीचे एक टोक सुटून खाली लोंबू लागले. अंगणात ऊन आले.

यात शास्त्र आहे, चमत्कार नाही. लखनौ विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे सत्तावीस अंशांवर आहे. डिसेंबराच्या अखेरीस भर मध्यान्हीही सूर्य तेथे क्षितिजापासून जेमतेम चाळीस अंश वर येतो. त्यामुळे दहा फूट उंचीची सावली उत्तरेकडे सुमारे बारा फूट पसरते. जूनच्या अखेरीस तोच सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि त्याच दहा फुटांची सावली पाऊण फुटाहून कमी पडते. नकाशा काढणारा मनुष्य जूनमध्ये आला होता. त्याने अंगणात डोकावले असते, तरी त्याला काही दिसले नसते. अम्मांनी ते एका वाक्यात सांगितले: “नकाशा ज्येष्ठात काढला, आणि खाला पौषात बसते.”

संध्याकाळी मिस्त्रीने जुन्या नकाशावर निळ्या पेन्सिलीने नव्या रेघा ओढल्या. खोली बारा फूट मागे, गच्चीच्या मध्यावर सरकली. त्यामुळे ती थोडी लहान झाली आणि जिना वळवावा लागला, खर्च वाढला. नव्या सुनेला दक्षिणेकडे मोकळी गच्ची हवी होती, ती तिला अर्धीच मिळाली आणि तिचा चेहरा उतरला, हेही मला येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. शेजारधर्म फुकट मिळत नाही. कोणी ना कोणी त्याची किंमत मोजते. ती कोण मोजतो आहे, हे सर्वांना माहीत असावे, एवढेच.

पण त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट निघाली. खालांच्या अंगणात बसलो असताना भाभींना तेथील मोरी दिसली. पावसाळ्यात भाभींच्या अंगणात गुडघाभर पाणी का साचते, याचा उलगडा त्यांना झाला. दोन्ही घरांची नाली एकच होती आणि ती खालांच्या बाजूला विटांच्या तुकड्यांनी तुंबली होती. भाभींनी ते कधी बोलून दाखविले नव्हते, आणि खालांना ते कधी कळले नव्हते. “अग बाई, तीस वर्षे?” अशा अर्थाचे काहीतरी खाला उर्दूत म्हणाल्या आणि कपाळावर हात मारला. दुसऱ्याच दिवशी नाली साफ झाली.

नगराचा वैद्य

त्या रात्री शेगडीभोवती बसून मी भाईसाहबांना म्हटले, की अम्मांचे हे चादरीचे शास्त्र कोणीतरी लिहून ठेविले पाहिजे. ते हसले आणि म्हणाले, “बहनजी, ते शंभर वर्षांपूर्वी लिहून झाले आहे, आणि तेही याच शहरासाठी.”

त्यांचा रोख पॅट्रिक गेडिस यांच्याकडे होता. 1854 साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेले गेडिस शिक्षणाने जीवशास्त्रज्ञ. एडिंबरो शहराच्या जुन्या, दाट आणि दरिद्री भागात त्यांनी स्वतःच बिऱ्हाड केले आणि शेजाऱ्यांसह एकेक बोळ, एकेक चौक सुधारला. 1914 साली ते हिंदुस्थानात आले. त्यांचे नगररचनेचे प्रदर्शन घेऊन येणारे जहाज ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडविले. तरी त्यांनी धीर सोडला नाही. मित्रांनी नवी सामग्री जमविली आणि 1915 साली मद्रासेत प्रदर्शन भरले. पुढे अनेक भारतीय शहरे पायी हिंडून त्यांनी अहवाल लिहिले. त्यांतील लखनौच्या नगरपालिकेसाठी लिहिलेले अहवाल 1916 आणि 1917 सालचे. म्हणजे ज्या वर्षी पुढाऱ्यांचा लखनौ करार झाला, त्याच वर्षी एक वृद्ध स्कॉट गृहस्थ या शहराच्या गल्ल्यांतून हिंडत होता, आणि शेजाऱ्यांनी एकमेकांजवळ कसे राहावे याचा विचार करीत होता.

त्यापूर्वी लखनौने दुसऱ्या प्रकारची नगररचना पाहिली होती. 1857 च्या उठावात हे शहर अग्रभागी होते. ते पुन्हा हाती आल्यावर इंग्रजांनी कर्नल रॉबर्ट नेपियर याच्या योजनेप्रमाणे दाट मोहल्ल्यांतून रुंद, सरळ रस्ते कापून काढले. हेतू असा की, सैन्याला जलद हालचाल करता यावी आणि बंडखोरांना आडोसा मिळू नये. त्या रस्त्यांखाली किती अंगणे, किती विहिरी आणि किती लहान दारे गेली असतील, याची आज कल्पनाच करावी लागते. नकाशावरची रेघ सरळ आली, की ती खाली कोणाच्या घरातून गेली हे दिसत नाही.

गेडिस यांनी नेमका याच रीतीला विरोध केला. त्यांचे म्हणणे साधे होते. वैद्य आधी नाडी पाहतो, मग औषध देतो. नगररचनाकारानेही तसेच करावे. गल्लीतून पायी हिंडावे, कोण कोठे बसतो, पाणी कोठून आणतो, मुले कोठे खेळतात, देवळाचा पार आणि मशिदीचा हौद कोठे आहे, हे पाहावे. मग सबंध वस्ती पाडून टाकण्याऐवजी मोडकळीस आलेली चार-दोन घरे काढावीत, त्या मोकळ्या जागेचा लहान चौक करावा, विहीर दुरुस्त करावी, एक झाड लावावे. शरीर राखून केलेली ही शस्त्रक्रिया. ती रुंद रस्त्याहून कितीतरी स्वस्त पडते, आणि लोक आपल्या जागी, आपल्या शेजाऱ्यांसह राहतात.

आपल्या मराठी मुलखाशीही गेडिस यांचा निकटचा संबंध आला. मुंबई विद्यापीठाने 1919 साली समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र यांचा विभाग सुरू केला, त्याचे पहिले प्राध्यापक तेच. 1924 साली त्यांच्यानंतर त्या विभागाची धुरा डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आली. होळकरांच्या इंदूरची त्यांची गोष्ट तर प्रत्येक नगरपालिकेत सांगावी अशी आहे. तेथे प्लेगाची भीती होती आणि गेडिस यांच्याविषयी लोकांत संशयही होता. त्यांनी महाराजांकडून एका दिवसापुरता महाराजाचा मान मागून घेतला आणि जाहीर केले की दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या वस्तीने आपली घरे आणि गल्ल्या सर्वांत स्वच्छ केल्या असतील, त्या वस्तीतून ती जाईल. मग काय विचारता! सारे शहर झाडूफडा घेऊन कामाला लागले. मिरवणुकीत प्लेगाच्या उंदराची भली मोठी प्रतिमा होती, आणि शुभ्र वस्त्रे नेसलेले सफाई कामगारही मानाने चालत होते. ज्यांच्या श्रमावर सर्वांचे आरोग्य अवलंबून होते, ते शेजारी त्या दिवशी प्रथमच शहराला दिसले.

न विचारता कळणारी तहान

हिवाळ्यात मला पाहावयास न मिळालेली एक गोष्ट भाभींनी सांगितली. ज्येष्ठाच्या मंगळवारी लखनौत ‘बडा मंगल’ साजरा होतो. अलीगंजच्या हनुमान मंदिराशी त्याचा संबंध आहे. या देवळाच्या कळसावर चंद्रकोर आहे आणि त्याच्या उभारणीचे श्रेय लोककथा नवाबाच्या एका बेगमेला देतात. त्या दिवशी रस्त्यारस्त्यावर पुरी-भाजीचे आणि सरबताचे मांडव लागतात. येणाऱ्याची जात, धर्म, नाव कोणी विचारीत नाही. मोहरमच्या दिवसांत ‘सबील’ म्हणजे पाणपोई घातली जाते, तिचीही रीत हीच. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपुढे जातो अशा गावी तहान ही सर्वांची असते. रस्त्याच्या कडेला माठ भरून ठेवला, म्हणजे तहानलेल्याला आपली गरज तोंडाने सांगावी लागत नाही.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, कानपूर रस्त्यावर, याच विचाराचे आणखी एक उदाहरण आहे. 1947 साली गांधीजींनी वेल्दी फिशर या अमेरिकन बाईंना खेड्यांत जाऊन काम करण्यास सांगितले. 1953 साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी अलाहाबादेत प्रौढांना शिक्षण देणारी संस्था सुरू केली. 1956 साली ती लखनौला आली. हेच ‘साक्षरता निकेतन’. इमारती लॉरी बेकर या वास्तुशिल्पज्ञांच्या. विटांच्या, साध्या, माणसाच्या मापाच्या. आणि त्यांत सर्व धर्मीयांसाठी एक प्रार्थनागृहही. येथे प्रौढांना शिकविण्यासाठी बाहुल्यांचे खेळ वापरले जात. ही युक्ती मला फार मार्मिक वाटते. घरातले जे गाऱ्हाणे सासूपुढे सुनेला आणि सावकारापुढे कुळाला बोलता येत नाही, ते बाहुलीला बोलता येते. ऐकणाऱ्यालाही राग येत नाही. उलट तो हसतो, आणि घरी जाताना विचार करतो. अम्मांची चादर ही एक बाहुलीच नव्हती काय?

नवी वस्ती

परतण्याच्या आदल्या दिवशी मी गोमती ओलांडून गोमतीनगरात गेले. 2011 च्या जनगणनेत लखनौ शहराची वस्ती अठ्ठावीस लाखांवर होती. एवढी माणसे जुन्या चौकात मावणार कशी? नव्या वसाहती लागणारच. रुंद रस्ते, बागा, उजेड, नळाचे पाणी. अम्मांच्या अंगणातील हातपंपापेक्षा ते सोयीचे आहे, यात शंका नाही. जुने तेवढे चांगले, असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. मुंबईच्या बीडीडी चाळींतील माणसांना विचारा. 1920 च्या दशकात बांधलेल्या त्या चाळींत 160 चौरस फुटांच्या खोलीत तीन-तीन पिढ्या राहिल्या, संडास मजल्यावर सामाईक. 2025 च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या 556 कुटुंबांना नव्या मनोऱ्यांत 500 चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, त्यांचा आनंद रास्तच आहे. परंतु त्या चाळीत एक सामाईक गॅलरी होती. तिच्यावरून पाणी भरावयास जाताना कोणाचे दार आज उघडले नाही, कोणाच्या घरी चूल पेटली नाही, हे सहज दिसे. नव्या घरात ते पाहण्याची जागा कोणती, हे तेथील रहिवाशांना आता ठरवावे लागेल. नकाशा काढणाऱ्याने ते ठरविले असेलच, असे नाही.

एक बाक

हे लिहिताना माझे मन अपराधी आहे. आणि ते का, हे सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही.

पुण्यात आम्ही राहतो त्या गृहसंस्थेत फाटक आणि उद्वाहक यांच्या मध्ये, कडुनिंबाखाली एक सिमेंटचा बाक होता. संध्याकाळी मुले तेथे गोंगाट करीत. तक्रारी आल्या. सभा झाली. वाहने लावण्यास जागाही हवी होती. बाक काढावा असा ठराव झाला. त्या ठरावाचे सुबक मराठी माझे; त्याखाली पहिली सही माझी. कोणाची हरकत आहे काय, असे सभेत विचारले होते. कोणीही हात वर केला नव्हता.

लखनौहून परतल्यावर तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आले की, चौथ्या मजल्यावरच्या आजी बरेच दिवसांत खाली दिसल्या नाहीत. पूर्वी त्या रोज सकाळी देवळात जात. मी वर गेले. त्यांनी आनंदाने दार उघडले, चहा ठेवला, लखनौच्या गोष्टी विचारल्या. मी विचारले, “आजी, हल्ली देवळात जात नाही?” त्या म्हणाल्या, “नाही ग. आता वय झाले.” मी उठणार होते. पण मला अम्मांचे शब्द आठवले आणि मी पुन्हा बसले. बऱ्याच वेळाने, बोलता बोलता, त्यांनी सांगितले की फाटकापासून उद्वाहकापर्यंत एका दमात येणे त्यांना जमत नाही. मध्ये बाकावर टेकून श्वास घ्यावा लागे. आता टेकावयास काही नाही, म्हणून त्या उतरतच नाहीत.

“मग सभेत बोलला का नाहीत?” मी विचारले.

“एवढ्याशासाठी सगळ्यांना कशाला अडवायचे?” त्या म्हणाल्या.

“माझे काय” याचेच ते मराठी भाषांतर होते. आणि मी, भाषांतराचा व्यवसाय करणारी, ते ओळखू शकले नव्हते.

बाक अजून परत आलेला नाही. पुढच्या सभेत तो विषय येईल, आणि ज्यांच्या मोटारी आता तेथे उभ्या राहतात त्यांचे म्हणणेही ऐकावे लागेल. त्यांचीही काही गरज असेलच. मात्र या वेळी ठराव लिहिण्यापूर्वी मी दोन-तीन जणांना बरोबर घेऊन आजींच्या चालीने फाटकापासून उद्वाहकापर्यंत चालत जाणार आहे. आजींच्या दमाने ते अंतर किती लांब आहे, हे सभागृहात बसून कळणार नाही. तोपर्यंत कडुनिंबाखाली घरची एक लाकडी खुर्ची मी सकाळी नेऊन ठेवते आणि नऊ वाजता परत आणते. आजी काल देवळात जाऊन आल्या.